आकारमान वाचू नका, तोला : घरच्या घरी घनता मोजण्याबद्दल

मासुंदा (ठाणे पश्चिम)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी राणीछाप रुपयांवरून बरीच चर्चा झाली. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतो ते जुने चांदीचे रुपये खरे की नकली हे कसं ओळखायचं, तर कोणी म्हणे वाजवून बघा, कोणी म्हणे चुंबक लावा, कोणी म्हणे वर बर्फ ठेवा किती पटकन वितळतो बघा. घनता मोजा असं एकानेच सुचवलं आणि त्याला लगेच उत्तर मिळालं की एवढ्याशा नाण्याचं आकारमान मोजपात्रात कळणार तरी आहे का. आक्षेप अगदी बरोबर आहे, मोजपात्रात नाहीच कळणार. पण मोजपात्र हा एकच मार्ग आहे असं आपण शाळेपासून धरून चाललोय त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

आधी मोजपात्राचं बघू. १०० मिलीच्या मोजपात्रावर १ मिलीच्या रेघा असतात, पाण्याचा पृष्ठभाग काचेशी वर चढलेला असतो, डोळा थोडा वरखाली झाला की अर्ध्या मिलीचा फरक सहज पडतो. वस्तू मुठीएवढा दगड असेल, ४०-५० मिलीचा, तर अर्धा मिली इकडेतिकडे चालून जातो. राणीछाप रुपयाचं आकारमानच मुळात १.१ मिलीच्या आसपास, तिथे अर्धा मिली म्हणजे निम्मी चूक.

आता दुसरी पद्धत. खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा मिळतो ना, २०० ग्रॅमपर्यंतचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा, तो घ्या. त्यावर हलकासा प्लास्टिकचा कप, कपात ८०-१०० मिली पाणी (भांडं आणि पाणी धरून काट्याची क्षमता ओलांडायची नाही, टेअर केलं तरी ते वजन काट्यावर असतंच). टेअर दाबून शून्य करा. नाणं तंगुशीला (मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याला) बांधून, हातात न धरता वर आडव्या पट्टीला अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे घन सेंटीमीटर. झालं आकारमान. रेघ वाचायची नाही, गणित नाही.

कारण सरळ आहे, पाणी नाण्याला जेवढ्या बलाने वर ढकलतं तेवढ्याच बलाने नाणं पाण्याला खाली ढकलतं आणि ते बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढं असतं. पाण्याची घनता १ धरली की ग्रॅम आणि घन सेंमी एकच. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांचं असतं, तेव्हा घनता ०.९९५७ असते, म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. नाण्यासाठी विसरून जा.

राणीछाप आणि नंतरचे १९३९ पर्यंतचे राजाछाप रुपये ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं. चांदी १०.४९, तांबं ८.९६, त्यावरून मिश्रणाची घनता १०.३ च्या थोडी वर येते आणि काट्यावर १.१३ दिसायला हवं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, तांबं, निकेल आणि जस्त घातलं, त्या रुपयाची घनता साधारण ९.५, काट्यावर १.२२. आणि जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल, जस्त, चांदी अजिबात नाही) नकली नाणं त्याच वजनाचं असेल तर १.३५ च्या आसपास. ०.०१ च्या काट्याला हे तिन्ही वेगळे ओळखता येतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की नाणं झिजलेलं असलं तरी बिघडत नाही. नुसतं वजन करणाऱ्याला ११.३ ग्रॅमचा झिजका रुपया संशयास्पद वाटतो, पण झीज वजनातून जाते तशी आकारमानातूनही जाते, घनता तिथेच राहते.

आपापले अनुभव लिहा, वेगवेगळ्या वस्तूंचे.


सानपाडा_आई

धागा आवडला, मुलगी नववीत आहे तिला वाचायला दिला. तिचा प्रश्न असा की पुस्तकात लिहिलंय पाण्यात वस्तूचं वजन कमी होतं, मग कपाखालचा काटा जास्त कसा दाखवतो, आणि नाणं तर दोऱ्याने वर धरलंय, त्याचं वजन दोऱ्यावर आहे ना? अजून एक, खोल बुडवलं तर आकडा वाढेल का?


मासुंदा

ताई, प्रश्न फार चांगला आहे, तिला सांगा की वजन कुठे नाहीसं होत नाही. दोऱ्यावरचा भार जेवढा कमी झाला बरोबर तेवढाच कपाखालच्या काट्यावर वाढला. घरात स्प्रिंगचा काटा असेल तर दोरा त्याला अडकवून दोन्ही आकडे एकदम बघता येतात, बेरीज बदलत नाही. मात्र त्यासाठी वस्तू जड घ्या, स्प्रिंगच्या काट्याला नाण्याचा फरक कळणार नाही.

खोलीने फरक पडत नाही, पूर्ण बुडलेलं असलं की झालं. आणि दोरा सैल सोडून नाणं तळाला टेकवलं की काटा पूर्ण वस्तुमान दाखवतो, ११.६६. म्हणजे एकाच कपात लटकवून आकारमान, टेकवून वस्तुमान, दोन्हींचा भागाकार केला की घनता.


येऊरची_वाट

मी शाळेत विज्ञान शिकवतो, थोडा वेगळा मुद्दा मांडतो. काट्याची पद्धत अचूक आहे यात वाद नाही, पण पाचवी-सहावीच्या मुलाला आधी पाणी सांडताना दिसलं पाहिजे. तोटीचं भांडं काठोकाठ भरायचं, दगड सोडायचा, बाहेर आलेलं पाणी मोजायचं, 'जागा व्यापणे' ही गोष्ट त्या सांडलेल्या पाण्यात डोळ्यांना दिसते. काट्यावरचा आकडा त्या वयात नुसता आकडाच असतो. आर्किमिडीजच्या गोष्टीत पण पाणी सांडण्यावरूनच सुचलं असं आहे.


मासुंदा

सर, लहान मुलांसाठी तोटीचं भांडं हवंच, पटलं. त्यातही सांडलेलं पाणी मोजपात्रात ओतण्याऐवजी वाटीत धरून तोलायला लावा, मग दोन्ही गोष्टी जोडल्या जातात. फक्त तोटीच्या टोकाला थेंब अडकतात, एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, त्यामुळे वस्तू मोठी घ्यावी.

आर्किमिडीजच्या गोष्टीवर मात्र सविस्तर लिहावंसं वाटतं. सांडलेल्या पाण्याची गोष्ट आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ञाकडून, तो आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी लिहीत होता. आता हिशोब बघा. मुकुट १ किलोचा धरू. शुद्ध सोन्याचा असेल तर आकारमान सुमारे ५२ घन सेंमी. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर सुमारे ६५. फरक १३ घन सेंमी. मुकुट मावेल असं २० सेंमी व्यासाचं भांडं घेतलं तर त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी, म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक जेमतेम ०.४ मिमी! त्या काळात एवढं वाचणार कसं? सांडवून मोजायचं तरी काठावर पाणी फुगून राहतं ते वेगळंच. याउलट तराजूच्या एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढंच शुद्ध सोनं आणि दोन्ही पाण्यात बुडवले तर १३ ग्रॅमचा फरक पडतो, साधी तराजूची दांडीसुद्धा लगेच कलते. गॅलिलिओने १५८६ मध्ये, बावीस वर्षांचा असताना नेमका हाच मुद्दा मांडला की आर्किमिडीजसारखा माणूस इतकी ढोबळ पद्धत वापरणार नाही, त्याने तोललंच असेल, आणि तसा पाण्यात तोलायचा काटा कसा करायचा तेही लिहून ठेवलं.


येऊरची_वाट

हा ०.४ मिमीचा हिशोब मी आठवीच्या वर्गात फळ्यावर करून घेणार. बाकी माझं म्हणणं कायम, सुरुवात सांडण्यापासूनच.


जांभळीनाका

सराफीतला माणूस आहे म्हणून दोन शब्द, कारण हे वाचून कोणीतरी मंगळसूत्र तंगुशीला बांधून बुडवेल आणि घरात भांडण होईल.

नाण्याला, वेढण्याला, बिस्किटाला ही पद्धत उत्तम. दागिन्याला जपून. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, उरलेल्यात तांबं जास्त की चांदी जास्त यावर घनता १७.६ ते १८ च्या मधे कुठेही येते, १८ कॅरेटची १५ ते १६. एक तोळ्याचा (आता बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, खरा तोळा ११.६६ चा, तुमच्या रुपयाएवढाच) २२ कॅरेटचा डाग घेतलात तर आकारमान ०.५६ घन सेंमी. तिथे काट्याची ०.०१ ची चूक म्हणजे जवळपास दोन टक्के, घनतेत ०.३ चा फरक. २१ कॅरेट १७.२ च्या आसपास असतं, त्यामुळे २२ की २१ हे या काट्यावर ठरत नाही. २२ म्हणून १४ दिलंय का एवढं कळेल.

पोकळ दागिन्यात तर विषयच संपला. आत लाख भरलेले मणी, बांगड्या, ठुशी, यांत घनता एकदम खाली येते आणि सोनं अगदी चोख असतं. खडे, मोती, मीना तेच. डाक दिलेले सांधे असतात तिथे हवा अडकते.

आणि उलट बाजूही सांगतो. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, आत टंगस्टन घालून वर सोनं चढवलेलं बिस्किट पाण्याला फसवतं. चांदीचंही तसं, शिसं ११.३४ आणि कथील ७.३ योग्य प्रमाणात मिसळलं की १०.३ ला आणता येतं. तेव्हा घनता जुळली नाही तर वस्तू नक्की ती नाही, पण जुळली म्हणून तीच आहे असं म्हणू नये. दुकानातलं टंच म्हणजे शुद्धता काढायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) मशीन पण वरचा पातळ थरच बघतं. सगळ्यात पक्कं म्हणजे नमुना भट्टीत गाळून काढलेला कस, हॉलमार्क सेंटरला तो काढतात. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख नंबर) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. मोडीच्या जुन्या सोन्यावर तो नसतो, तिथे पाण्याची परीक्षा पहिली चाळणी म्हणून चांगली.


मासुंदा

धन्यवाद दादा, हेच हवं होतं. 'जुळलं नाही तर नाही' ही बाजू मी वर लिहायला हवी तेवढ्या जोरात लिहिली नव्हती, धागा वाचणाऱ्यांनी ही पोस्ट नक्की वाचा.

बुडबुड्यांचंही सांगून ठेवते. नाण्याच्या कोरीव भागात, राणीच्या मुकुटाच्या नक्षीत बारीक बुडबुडे चिकटतात. पावणेतीन मिमी व्यासाचा एकच बुडबुडा ०.०१ घन सेंमी असतो, तेवढ्यात रुपयाच्या घनतेत एक टक्का चूक. पाणी उकळून गार केलेलं घ्या म्हणजे त्यातली हवा गेलेली असते, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाणं बुडवून हलकेच हलवा. जाड सुती दोरा नको, तो पाणी ओढतो आणि स्वतः जागा घेतो, म्हणून तंगूस म्हटलं, मासेमारीच्या दुकानात मिळते.


पारसिक

सिव्हिलची टेस्टिंग लॅब, नवी मुंबई. आमचं रोजचं काम हेच आहे त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना.

तुम्ही सगळे धातूबद्दल बोलताय, धातू पाणी पीत नाही. दगड पितो. आपल्याकडची खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, घट्ट असेल तर सापेक्ष घनता (म्हणजे पाण्याच्या मानाने) २.८ ते २.९. पण काही बेसाल्टमधे बारीक भोकं असतात, जांभ्यात तर विचारूच नका. असा दगड पाण्यात धरलात तर सुरुवातीला एक आकडा दिसतो आणि तो हळूहळू उतरत जातो, कारण भोकांत पाणी शिरतंय. मग आकारमान कुठलं धरायचं, भोकांसकट की भोकं सोडून? दोन्ही बरोबर आहेत, कशासाठी पाहिजे त्यावर ठरतं. जांभ्याच्या भिंतीचा भार काढायचा तर भोकांसकट. दगडाचं खनिज कुठलं हे ओळखायचं तर भोकं सोडून.

खडीसाठी आयएस २३८६ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. खडी २४ तास पाण्यात भिजवायची, तारेच्या बास्केटमधे टाकून पाण्यातच तोलायची, मग बाहेर काढून फडक्याने वरचं पाणी टिपायचं, आतून भिजलेली आणि बाहेरून कोरडी अशा स्थितीत परत तोलायची, मग ओव्हनमधे वाळवून परत. तीन वजनांतून सगळं निघतं, भोकांसकटची घनता, भोकं सोडूनची आणि किती पाणी पिते तेही. त्यातलं फडक्याने टिपणं हे खरं कसब, जास्त पुसलं तर भोकातलं पाणी ओढलं जातं, कमी पुसलं तर वरचं पाणी वजनात येतं. नवीन मुलाला हे शिकवायला वेळ लागतो, खडीची चमक गेली की थांबायचं एवढंच सांगता येतं, बाकी हाताला कळतं.

घरी जांभ्याचा किंवा विटेचा तुकडा मोजायचा असेल तर तो वितळलेल्या मेणात पटकन बुडवून काढा, वर पातळ थर बसतो, पाणी आत जात नाही. मेण लावायच्या आधीचं आणि नंतरचं वजन घ्या, मेणाची घनता ०.९ धरून मेणाचं आकारमान वजा करा. मातीच्या ढेकळालाही हेच करतात.

सिमेंट पाण्यात टाकता येत नाही कारण ते लगेच पाण्याशी काम सुरू करतं, म्हणून ते केरोसिनमधे मोजतात, साधारण ३.१५ येतं.

आणि सगळ्यात आवडती टेस्ट सांगतो. भराव टाकून रोलर फिरवला की तो किती दाबला गेला ते बघायचं असतं. तिथे वस्तूच नाही, जमीन आहे, तिचं आकारमान कसं मोजणार? तर जमिनीत छोटा खड्डा करायचा, निघालेली माती सगळी जपून गोळा करून तोलायची, मग त्या खड्ड्यात एकसारखी कोरडी वाळू ठरावीक उंचीवरून सोडायची. बाटलीतली किती वाळू गेली ते तोलायचं, वाळूची घनता आधीच माहीत असते, खड्ड्याचं आकारमान निघालं. सँड रिप्लेसमेंट म्हणतात. खाडीकाठच्या गाळावर उभं राहिलेल्या आपल्या शहरात या टेस्टला फार महत्त्व आहे, भराव नीट दाबला नसला तर रस्ता नंतर बसतो. इथेपण मासुंदा म्हणतात तेच, आकारमान तोलूनच काढलंय.


मुरबाडकर (सध्या कळवा)

शेतीतलं एक लिहू का. आमच्याकडे गावी भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतात, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. पोकळ आणि रोगट बी वर तरंगतं ते काढून टाकायचं, भरलेलं बी तळाला बसतं ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. नुसत्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी थोडं जड, त्यामुळे अर्धवट भरलेले दाणे पण वर येतात. एकेका दाण्याची घनता मोजायची गरजच नाही, पाण्याची घनता आपण ठरवायची आणि दाणे आपोआप दोन बाजूंना होतात. हापूसचं पण तसंच बघतात, कोवळं फळ तरंगतं, काढणीला तयार झालेलं बुडतं.


घणसोली_लॅब

मुरबाडकर, सुंदर. प्लास्टिकच्या रिसायकलिंगमधे हेच करतात, पाण्यात पॉलिथिन तरंगतं आणि पीव्हीसी बुडतं.

मी औषध कंपनीत आहे, आमच्याकडे प्रश्न पावडरचा. पावडर पाण्यात विरघळते किंवा पाण्यावर तरंगून राहते, बुडबुडे तर कणाकणाला. मग द्रवाऐवजी वायू वापरतात, हेलियम. बंद डब्यात पावडर ठेवायची, ठरावीक दाबाने हेलियम भरायचा, मग झडप उघडून तो माहीत असलेल्या आकाराच्या दुसऱ्या रिकाम्या डब्यात पसरू द्यायचा. दाब किती उतरला त्यावरून पहिल्या डब्यात वायूला किती जागा होती ते बॉइलच्या नियमाने निघतं, उरलेली जागा पावडरची. हेलियमचा अणू इतका लहान की बारीकातल्या बारीक भोकात शिरतो आणि कणांना चिकटत नाही.

एक गंमतीची गोष्ट, म्हणजे मला फार विलक्षण वाटते. किलोग्रॅमची मूळ कल्पना १ लिटर पाण्याचं वस्तुमान अशी होती, १८८९ पासून तो प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल झाला. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या उलट १ किलो पाण्याचं आकारमान अशी केली, पण तो लिटर १००० घन सेंमीपेक्षा दशलक्षात सुमारे २८ भागांनी मोठा निघाला, म्हणून १९६४ मध्ये ती व्याख्या सोडून दिली. आता सर्वात अचूक कामाला घनतेचं मानक पाणी नाही तर सिलिकॉनचा गोळा असतो, साधारण ९३.७ मिमी व्यासाचा, एक किलोचा. त्याचा व्यास लेझरने वेगवेगळ्या दिशांनी मोजतात, गोलाई इतकी की व्यासातला फरक १०० नॅनोमीटरच्याही आत. २० मे २०१९ ला किलोग्रॅमची नवी व्याख्या लागू झाली त्यामागे या गोळ्यांवरचं काम होतं. म्हणजे मासुंदा, तुमच्या नियमाला एक अपवाद, तिथे आकारमान खरंच लांबी मोजून काढलंय.


मासुंदा

अपवाद मान्य, आणि काय अपवाद आहे! तसा गोळा मिळेपर्यंत आपण तोलूया.


सानपाडा_आई

मुलीने रविवारी काटा आणवला आणि सगळं करून बघितलं. तिला मेणबत्तीचं कोडं पडलं, ती तरंगते मग बुडवायची कशी. मग तिनेच टाचणीने दाबून बुडवली. नुसती तरंगत होती तेव्हा काटा २३.४ आणि दाबून पूर्ण बुडवल्यावर २६.०. हे बरोबर ना? आणि खडीसाखरेचं कसं करायचं, ती तर विरघळणार.


मासुंदा

एकदम बरोबर! तरंगताना काटा मेणबत्तीचं वस्तुमान दाखवतो, दाबून बुडवली की आकारमान. २३.४ भागिले २६.०, ०.९०, पॅराफिन मेण एवढंच असतं. टाचणीने केली ते फार छान केलं, बोटाने दाबलं असतं तर बोटाचंही आकारमान मोजलं गेलं असतं.

खडीसाखर तेलात करा, साखर तेलात विरघळत नाही. पण तेलाची घनता १ नाही, ती आधी काढावी लागेल. काचेची मोठी गोटी घ्या, ती पाण्यात लटकवून आकडा घ्या, मग तीच गोटी तेलात लटकवून. दुसरा भागिले पहिला म्हणजे पाण्याच्या मानाने तेलाची घनता. मग खडीसाखरेचा कोरडा खडा तोला, तेलात लटकवा, तेलातल्या आकड्याला तेलाच्या घनतेने भागा, आकारमान मिळेल. आत दोरा नसलेला, पारदर्शक खडा निवडा. तेल घट्ट असतं, बुडबुडे सावकाश सुटतात, दोन मिनिटं थांबून मग आकडा घ्या.


सानपाडा_आई

केलं. शेंगदाण्याचं तेल. गोटी पाण्यात ५.२०, तेलात ४.७६, म्हणजे तेल ०.९१५. खडा ३.३० ग्रॅमचा, तेलात १.९१. आकारमान २.०९ आलं आणि घनता १.५८.


घणसोली_लॅब

साखरेची १.५९ आहे. खड्याच्या आत पाकाची एखादी बारीक पोकळी राहिलेली असते, तिने एवढा फरक सहज पडतो. मुलीला सांगा आता तुरटीचा खडा घे, तोही तेलातच, १.७५ च्या आसपास यायला हवा.